दीड ते दोन

२ सप्टेंबर, मंगळवार

आज माझ्या दुपारच्या झोपेचं निधन झालं. वय वर्षे अकरा. इथे आखातात, गाला नावाच्या भागातल्या या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानात लागलो तेव्हापासूनची सोबत. एक वाजता शटर खाली, डबा, मग गोदामामागच्या सावलीत गाडी, एसी चालू, सीट आडवी, तोंडावर रुमाल. दीड ते अडीच. या देशात माझ्या नावावर जमीन नाही, घर नाही, पुढेही व्हायचं नाही. एक तास होता. त्यातला अर्धा आज थोरात सरांनी एक्सेलमध्ये घातला. राहिलेल्या अर्ध्यात झोप लागेपर्यंतच अडीच वाजतात. म्हणजे गेलीच. शोकसभा नाही, फुलं नाहीत.

कारण लिहून ठेवतो, नाहीतर पुढे वाचताना मीच मला राक्षस वाटेन. परवा शांतवन पडला. आमच्या मराठी मंडळीतला, म्हणजे चर्चमधला, एसीवाला, जालन्याकडचा. माबेल्यात एका खोलीत सहा जण राहतात, त्यातला एक. अल हैलमध्ये एका व्हिलाच्या गच्चीवर आउटडोअर युनिट साफ करत होता. शिडी सरकली की पाय, कोणी पाहिलं नाही. डोक्याला मार. व्हेंटिलेटरवर आहे. बायको मंगल आणि दोन मुली गावी.

म्हणून साखळी प्रार्थना. चोवीस तास, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्या, मंडळीतली अकरा घरं. थोरात सर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे पुढारी, आणि पोटापाण्यासाठी चीफ अकाउंटंट, त्यामुळे तक्ता सुंदर आहे. प्रार्थना झाली की ग्रुपवर 'झाली' लिहायचं, मग सर तो चौकोन हिरवा करतात. नाही लिहिलं तर लाल.

माझी पाळी दीड ते दोन. आजपासूनच. विचारलं नाही, कळवलं.

"दादा, तुमचा तर ब्रेकच असतो तेव्हा," सर म्हणाले. जगातला प्रत्येक अत्याचार याच वाक्याने सुरू होत असावा.

दोनला 'झाली' लिहिलं. झाली नव्हती. झोपलो होतो.

३ सप्टें., बुध.

पद्धत बसली. दोन वाजताचा गजर. उठायचं, 'झाली' टाकायचं, पुन्हा आडवं. शोकसंदेश मागे घेतो, झोप जिवंत आहे. मधे फक्त एकदा दचकते.

बरं वाटतं का? नाही. पण वाईटही म्हणावं तितकं वाटत नाही. प्रामाणिकपणे लिहायचं तर प्रार्थना सोडून मला किती वर्षं झाली हे आठवत नाही. भांडण झालं असतं देवाशी तर तारीख तरी सांगता आली असती. तसं काही नाही. आधी सकाळची सुटली, मग जेवणाआधीची दोन वाक्यं एका वाक्यावर आली, मग ते एकही माझी बायको करुणाच म्हणू लागली आणि मी नुसतं 'आमेन' म्हणायचो. हल्ली तेही तोंडात घास असताना.

५ सप्टें., शुक्र.

उपासना. इथे सुटी शुक्रवारी असते. आम्हाला चर्चच्या कंपाउंडमधला मागचा छोटा हॉल दोन ते साडेतीन. आधी तेलुगू मंडळी, नंतर फिलिपिनो कॉयर. त्यामुळे पवित्र आत्म्याला आमच्यासाठी दीड तासच.

शांतवनसाठी सगळ्यांनी प्रार्थना केल्या. थोरात सरांनी देवाला अपघाताचा इतिवृत्तांत दिला, पत्त्यासकट. एका भगिनीने रक्तदाब, ऑक्सिजन आणि औषधांची नावं सांगितली, म्हणजे देवाकडे जुने रिपोर्ट असतील तर घोटाळा नको.

मग सर म्हणाले, "समारोप अनिलदादा करतील."

माझं मराठी चांगलं आहे. नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलोय, वडील शाळामास्तर. 'दयाघना', 'तुझ्या पंखांच्या छायेत', सगळं ओठांवर तयार असतं. तीन मिनिटं बोललो. दोन बायका रडल्या. मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. शेवटी आवाज कुठे खाली आणायचा तेही मला माहीत आहे.

बाहेर आल्यावर करुणाने गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाली, "छान झाली."

ज्या सुरात भाजीवाल्याला 'छान आहे पण नको' म्हणते, त्या सुरात.

आज दीडला अंघोळ करत होतो. 'झाली' पार्किंगमधून टाकलं.

८ सप्टें., सोम.

सकाळी दुकानातून दोन तासांची सुटी काढून हॉस्पिटलात. शां.चं डोकं पट्ट्यांमध्ये. तोंडात नळी. चेहरा सुजून कोणा जाड माणसाचा झालाय. नर्स मल्याळी, "प्रेयर करना है? पाँच मिनट," म्हणाली आणि पडदा ओढून गेली.

पाच मिनिटं मी मॉनिटर वाचला. हिरवी रेघ, निळी रेघ, आकडे. त्याच्या पायाला हात लावला. टाचा फुटलेल्या. गच्च्यांवर चालून. इथे सप्टेंबरातही गच्ची तव्यासारखी असते.

काही म्हणता आलं नाही. शुक्रवारी हॉलमध्ये तीन मिनिटं आणि इथे एक ओळ नाही. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून असेल. (हे लिहिलं आणि आता खोडत नाही.)

९ सप्टें., मंगळ.

आजचा प्रकार. सीट आडवी करायच्या आधीच डोळा लागला; हनुवटी छातीवर, हात मांडीवर. अर्बाबना, म्हणजे दुकानाच्या अरब मालकांना, गोदामाची किल्ली हवी होती. गाडीपाशी आले, काचेतून पाहिलं, आणि उन्हात उभे राहिले. दोन वाजेपर्यंत! गजर झाल्यावर मी डोळे उघडले तर काचेबाहेर त्यांचा पायघोळ पांढरा झगा, दिशदाशा, घामाने पाठीला चिकटलेली.

"सॉरी, अर्बाब."

"नो, नो. तुम दुआ करता. दुआ में आवाज नहीं देना." किल्ली घेतली. "वो आदमी... एसीवाला... ठीक होगा, इन्शाल्ला."

संध्याकाळी दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं, दीड ते दोन अनिलला कोणी फोन करायचा नाही. माझ्या झोपेला आता सरकारी संरक्षण. अर्बाब स्वतः पाच वेळा नमाज पढतात, हातातलं गिऱ्हाईक सोडून. त्यांना वाटलं, चला, हाही आपल्यासारखाच.

११ सप्टें., गुरु.

जेवताना जेनीने विचारलं. नववीत आहे, मराठी बोलताना प्रत्येक शब्दाआधी खिशात चाचपडते.

"पप्पा, तुम्ही खरंच प्रे करता की फक्त... टिक?"

"असं का विचारतेस?"

"माझ्या स्लॉटला मी वन टाइम विसरले. पण झाली लिहिलं. मग मला... कसं म्हणतात... पोटात घाण वाटलं."

क. माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, पाणी दे.

१३ सप्टें., शनि.

शां. जसाच्या तसा. डॉक्टर म्हणतात, वाट पाहू.

मागच्या वर्षीची गोष्ट आठवत राहिली. आमच्या दुकानाच्या गच्चीवर त्याचं काम होतं. दुपारी मी वर गेलो तर टाकीच्या सावलीत टोपी काढून बसलेला, डोळे मिटून. समोर उघडा डबा, भात तसाच. मी त्याचं आटपेपर्यंत थांबलो, मग टोमणा मारला, "काय मागतोस रे रोज रोज? यादी संपत नाही?"

"मागत नाई काई भाऊ. हजेरी लावतो."

"हजेरी कुठे पळून जाते? एक दिवस नाही लावली तर?"

"त्याला नसंल पडत फरक. मला पडतो. एक दिवस सुटलं की दुसऱ्या दिवशी जड जातंय. चार दिवस सुटलं तर ओळख काढावी लागती."

मी ही गोष्ट नंतर दोन-तीन ठिकाणी त्याच्या आवाजात करून दाखवली. लोक हसले. मी बरी करतो.

१४ सप्टें., रवि.

एक चाळीसला फोन. झोपेतच उचलला. बाईचा आवाज, भारतातला नंबर.

"भाऊ, मी मंगल बोलायले. शांतवनच्या घरून."

ताडकन उठलो, सीट मागेच राहिली.

"तुमच्या टायमात फोन केला, चुकलंच. पण ते थोरात साहेबांनी तो कागद मला पाठवला ना, नावांचा. म्हणलं कोण कोण बसतंय ते कळावं. तर मी पण बसायले भाऊ. ज्याचा टाइम आसंल त्याच्या संगं. सगळ्याला नाई जमत, जनावरं हायती, पोरींचं करावं लागतंय. पण तुमचा टाइम हितं तीन वाजता येतो. तवा घरात कुणी नसतं. तुमच्या टायमाला मी रोज बसते. एक दिवस चुकले नाई."

मी काय म्हणालो आठवत नाही. बहुतेक 'हो का'.

"एकटीनं बसलं तर बोलच फुटत नाई भाऊ. नुसतं पडलेलं दिसतंय डोळ्यापुढं. पण तिकडं एक माणूस बसलेला हाय म्हणलं की धीर येतो. दोघं असलं की तो ऐकतो, असं हे म्हणायचे." मग थांबली. "तुमी काय मागता भाऊ? म्हंजे शब्द सांगा. तेच मी पण म्हणते. दोघांचं सारखं झालं पाहिजे."

इथे खरं सांगायची जागा होती. स्वच्छ, रिकामी जागा, गाडी लावण्याइतकी. मी काय केलं? मी बोललो. जे मला येतं तेच. म्हणालो, "मी म्हणतो, प्रभू, उद्या सकाळी त्याने डोळे उघडावे. आणि पहिलं काही मागितलं तर चहा मागावा."

चहाचं कुठून आलं माहीत नाही. ऐकायला गोड लागेल असं काहीतरी आपोआप येतं मला.

ती रडली. मग म्हणाली, "चहाचं तुमाला कसं ठावं? बिनचहाचं त्यांचं चालतच नाई." पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावलं. मुलीच्या वहीत लिहून घेतलं.

दोनला 'झाली' टाकायचं राहिलं. चौकोन लाल. सरांचा मेसेज: 'दादा, पेंडिंग?'

बारा दिवस. २ ते १३. बारा दिवस ती बाई माझ्यासोबत बसली होती आणि मी तोंडावर रुमाल घेऊन घोरत होतो.

१५ सप्टें., सोम.

बसलो. सीट सरळ. दीड.

'हे दयाघन पित्या' म्हटलं. लगेच हॉल दिसला, बाकं, समोरच्या बायका. थांबलो. दुसरं सुरू केलं. तेही भाषण. माझ्याकडे देवाशी बोलायला एकही शब्द नाही जो मी आधी माणसांपुढे वापरलेला नाही.

मग मेकॅनिकल सीलची ऑर्डर. मग जेनीची फी. मग शां.च्या टाचा. घड्याळ: एक एकोणचाळीस. नऊ मिनिटांत संपलो. उरलेली एकवीस मिनिटं नुसता बसलो. तिकडे तीन वाजून गेलेले. ती तो चहा मागत असणार.

'झाली' लिहिलं नाही. लाल.

१६ सप्टें., मंगळ.

बसलो. अकरा मिनिटं. मग नुसता.

क.ला आश्चर्य वाटलं असावं, डबा पूर्ण संपत नाही म्हणून. सव्वाच्या आत उरकतो हल्ली.

१८ सप्टें., गुरु.

डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी तिथून घातली. 'आता लांबचं आहे' असं क.ला नर्सने सांगितलं. शां.च्या कंपनीचा पीआरओ थोरात सरांना भेटला. पेशंटला गावी न्यायचं कसं, ते बोलत होता. माणूस वाईट नाही. पण 'शिफ्ट' हा शब्द तो कॉम्प्रेसरला वापरतात तसा वापरत होता.

आज बसताना एक जुनं आठवलं. नगरच्या कंपाउंडमध्ये संध्याकाळी सातला वडील प्रार्थनेला चटई टाकत. आजारी असलं तरी, पाहुणे असले तरी, परीक्षा असली तरी. आम्ही तिघं भावंडं. मी एक डोळा उघडा ठेवून बघायचो, वडिलांचा चेहरा कसा होतो. काहीच व्हायचा नाही. मास्तरांचा चेहरा, शाळेत होता तसाच. मला वाटायचं, त्यांना काही जाणवत नाही, नुसती सवय. केवढ्या तुच्छतेने विचार करायचो सवयीचा. आज माझ्याकडे ती असती तर.

२१ सप्टें., रवि.

साखळी विरळ होतेय. दोन घरं सुटीवर. एकाची ड्यूटी बदलली. तक्त्यात लाल वाढलंय. सरांनी ग्रुपवर लिहिलं, 'प्रियांनो, शक्य असेल त्यांनीच चालू ठेवावे, देव आपले हृदय जाणतो.' देवाला हृदय कळतं हे वाक्य आमच्यात नेहमी काम थांबवायच्या वेळीच येतं.

कुणीतरी त्याखाली गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' टाकलं. दुपारी चारला.

माझा चौकोन लालच. बसतो, पण ते हिरवं करून घ्यायची लाज वाटते. सरांना वाटतं अनिलदादाही सुटले. वाटू दे.

२३ सप्टें., मंगळ.

मंगलचा फोन. दीडच्या आधी केला, जाणूनबुजून.

"भाऊ, ते चहाचं रोज म्हणायले मी. बरोबर म्हणते ना? 'उद्या सकाळी' म्हणलं होतं ना तुमी?"

"हो."

"मग मी रोज सकाळी सहा वाजता फोन हातात घेऊन बसते. तिकडून कुणाचा येतो का म्हणून. पोरगी म्हणती, आई, फोन ठिव, शाळंला उशीर व्हायला. पण त्या टायमाला आला तर?" हसली जराशी. "आज नऊवा दिवस. माझंच काई चुकत आसंल का भाऊ? तुमचं तर पक्कं हाय."

माझं पक्कं आहे.

माझ्या सुचलेल्या एका गोड वाक्याच्या टोकाला ती रोज सकाळी सहाला लटकते. तिने स्वतः मागितलं असतं तर कदाचित साधं काही मागितलं असतं. श्वास. धीर. रोज सकाळी खोटं ठरणारं मागणं मी दिलं तिला. आणि दोष ती स्वतःला देतेय.

आज बसलो तेव्हा पहिल्यांदा भाषण आलं नाही. 'माफ कर' एवढंच आलं, आणि कोणाला उद्देशून ते नीट कळलं नाही.

२६ सप्टें., शुक्र.

उपासनेत सरांनी समारोपाला बोलावलं. मी नाही म्हणालो. "घसा," म्हणालो. खोटंच, पण जुन्यापेक्षा लहान.

घरी येताना गाडीत क.ला सगळं सांगितलं. जेनी मागे हेडफोन लावून.

क. म्हणाली, "तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?"

"कसं?"

"तुझं 'झाली' रोज बरोब्बर दोनला पडायचं. दोन म्हणजे दोन. खरंच प्रार्थनेला बसलेला माणूस कधी दोन मिनिटं आधी उठतो, कधी पाच मिनिटं उशिरा. गजर लावून कोण उठतं? झोपलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वीस वर्षं तुझ्या आमेनला मी घास गिळायची वाट बघते, अनिल. तेव्हा कुठे बोलले?"

अल हैलच्या सिग्नलला ती म्हणाली, "तिला सांग."

"तुटेल ती."

"तुटेल. पण आत्ता तुझ्यामुळे स्वतःला तोडतेय ते जास्त आहे."

मागून जेनी: "ममा, एसी थोडा कमी."

२७ सप्टें., शनि.

नाही सांगितलं. बसलो, तेवीस मिनिटं. नंतर फोन हातात घेतला, ठेवला.

२८ सप्टें., रवि.

ठरलं. गुरुवारी शां.ला नेणार. स्ट्रेचर, सोबत नर्स, विमानातून मुंबई, मग अँब्युलन्सने जालना. डोळे उघडलेले नाहीत.

फोन उचलला. ठेवला. माझ्यात इतका भित्रेपणा आहे हे बावन्नाव्या वर्षी कळावं.

२९ सप्टें., सोम.

सांगितलं. दीडच्या आधी नाही, दीडलाच. तिच्या तीनला.

मी घोळवत बसलो नाही, एवढं एक बरं केलं. म्हणालो, "मंगलताई, पहिले बारा दिवस मी बसलोच नाही. झोपलो होतो. आणि ते चहाचं मी कधी मागितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा सुचलं, ते सांगितलं. तुमचं काही चुकलेलं नाही."

तिच्या मागे कोंबडी की काय ओरडत होती.

मग: "बारा दिवस मी एकटीच होते?"

"हो."

"आन मला वाटायचं..." थांबली. "मी तुमच्याशी बोलायचे भाऊ. डोळे मिटून. म्हणायचे, भाऊ तुमी बोला आधी, मग मी बोलते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमी हे कशाला सांगितलं आता?"

"सकाळी सहाला तुम्ही फोन घेऊन बसता म्हणून."

"त्ये बी गेलं मग." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "हे म्हणायचे, अनिलभाऊ लई हुशार माणूस हाय, पण त्यांच्याजवळ बसायला टाइम नाई. मी म्हणायचे, नावं ठिवू नका. ह्यांना मनात म्हणायचे, आता बघा, भाऊ साखळीत बसलेत, तुमी उठा आन बघा."

फोन ठेवला नाही तिने. नुसता बाजूला ठेवला असावा. भांड्यांचा आवाज, मग दूरवर तिचं काहीतरी पुटपुटणं. मी ऐकत राहिलो. प्रार्थना होती की रडणं, कळलं नाही. दोनला फोन बंद झाला.

३० सप्टें., मंगळ.

बसलो. ती बसली की नाही माहीत नाही. हे 'माहीत नाही' बारा दिवस खरं तर तिच्या वाट्याचं होतं, तिला ते कळलंही नाही.

२ ऑक्टोबर, गुरु.

विमानतळावर आम्ही सात जण. अर्बाबनी सुटी दिली, स्वतःहून. शां. पट्ट्यांनी बांधलेला, पांढऱ्या चादरीत. चेहऱ्याची सूज गेलीय, आता पुन्हा त्याच्यासारखा दिसतो. ते जास्त वाईट.

थोरात सरांनी प्रार्थना केली. या वेळी पत्ता नाही, इतिवृत्तांत नाही. दोन वाक्यं म्हणाले आणि तिसऱ्याला त्यांचा आवाज गेला. मी त्यांच्यावर इथे जे काही लिहिलंय ते खोडणार नाही, पण हेही लिहून ठेवतो. या माणसाने पहाटे तीन ते साडेतीनची पाळी स्वतःकडे घेतली होती. महिनाभर. चौकोन एकदाही लाल नाही. मला काल तक्ता नीट बघितल्यावर दिसलं.

घरी येईपर्यंत ग्रुपवर: 'साखळी प्रार्थना आज पूर्ण झाली. सर्व सहभागी बंधुभगिनींचे आभार.' त्याखाली सतरा जोडलेले हात. मी काही टाकलं नाही.

५ ऑक्टो., रवि.

शां. जालन्याच्या हॉस्पिटलात. सरांना त्याच्या मेहुण्याचा मेसेज आला. दिवसा तासभर मशीन काढतात, तेवढा श्वास स्वतः घेतो. डोळे कधी कधी उघडतात, पण बघत नाहीत कोणाकडे. डॉक्टर काही सांगत नाहीत. म्हणजे सांगण्यासारखं नाही, की सांगता येत नाही?

मंगलचा फोन नाही. मी केला नाही. कोणत्या तोंडाने करू? म्हणजे तोंड आहे, तेच तर सगळं करून बसलं.

साखळी संपली. आता दीड ते दोन पुन्हा माझे. दुपारी सीट मागे घेतली, सवयीने. मग सरळ केली. पहिले बारा दिवस राहिलेत माझ्याकडून. ते कोणी मागितलेले नाहीत. तिला चालतील का, विचारायची सोय नाही. तरी.

आज एक.

८ ऑक्टो., बुध.

चौथा. झोप येते, हे लिहायला हवं. काल पेंगलो. मान पडली तसा जागा झालो आणि तो अर्धा तास धरला नाही. संध्याकाळी घरी परत बसलो, बेडरूममध्ये दार लावून. क.ने विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हणालो, "बसलोय." तिने दार हळू ओढून घेतलं.

आत काही होत नाही. कोणाला वाटेल उजेड पडला, शांती उतरली. तसलं काही नाही. डोकं तसंच, सीलच्या ऑर्डरी, पाठदुखी. फक्त परवापेक्षा कमी परकं वाटतं.

११ ऑक्टो., शनि.

सातवा. जेनीने विचारलं, शांतवन अंकल ठीक होणार का. म्हणालो माहीत नाही. "मग प्रे करून काय?" म्हणाली. पूर्वी मी तिला पाच मिनिटांचं सुंदर उत्तर दिलं असतं. आज म्हणालो, "मलाही नीट माहीत नाही. पण त्या बाईला मी एकटं टाकलं होतं, तेवढं माहीत आहे." ती म्हणाली, "माझा पण एक बाकी आहे." आणि आत गेली.

१३ ऑक्टो., सोम.

नववा. मेहुण्याचा मेसेज: ताप. छातीत संसर्ग. पुन्हा मशीन, दिवसभर.

१४ ऑक्टो., मंगळ.

दहावा. जड गेला. आज मागायची भीती वाटली. मागितलेलं कुठे जातं हे पाहिलंय. काही न मागता बसलो.

१६ ऑक्टो., गुरु.

बातमी नाही. ताप उतरला की नाही, कळलं नाही. सरांनाही नाही.

डबा सव्वालाच संपवला. अर्बाब गोदामाकडून आले, मला गाडीकडे जाताना बघून हाताने 'जा, जा' केलं.

दीडला बसलो. श्वास तेवढा चालू राहू दे म्हटलं. आणि मंगल दुपारी बसत असेल तर तिच्याजवळ कोणीतरी असू दे, मी नसलो तरी चालेल. मग पुढे काही सुचलं नाही. गजर लावलेला नव्हता, झोपही लागली नव्हती. डोळे उघडले तेव्हा दोन वाजून सहा मिनिटं झाली होती.

बारावा. कोणाला कळवलं नाही.